उडत्या हंसांची क्विल्ट आणि तिला अडकवलेली चिठ्ठी

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लँकेस्टर परगण्यातील अ‍ॅडम्सटाउन हे गाव जुन्या वस्तूंच्या व्यापारासाठी अमेरिकाभर ओळखले जाते. तेथील एका दुकानातून घेतलेल्या जुन्या क्विल्टचे हे परीक्षण आहे. क्विल्टच्या कोपऱ्याला सेफ्टी पिनेने एक चिठ्ठी अडकवलेली होती. ही क्विल्ट १८५० च्या दशकातील आहे, ती संपूर्णपणे हाताने शिवलेली आहे आणि गुलामांना पळून जाण्यास मदत करणाऱ्या ‘अंडरग्राउंड रेलरोड’ या गुप्त जाळ्याची ती संकेत-क्विल्ट आहे, असे तीन दावे त्या चिठ्ठीत एका दमात केलेले होते. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो : क्विल्ट फार चांगली आहे आणि चिठ्ठीतला एकही दावा टिकत नाही. चिठ्ठीवर किंमत ९५० डॉलर होती. पुढे येणाऱ्या मुद्द्यांची दुकानदाराशी सविस्तर चर्चा झाल्यावर क्विल्ट ४०० डॉलरला मिळाली. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण अशा चिठ्ठ्या लावणारे दुकान काही ते एकटेच नाही.

क्विल्ट तीन थरांची असते : वर तुकडे जोडून तयार केलेला दर्शनी भाग, मध्ये पिंजलेला कापूस, खाली अस्तर, आणि या तिन्हींना एकत्र बांधणारे धावदोऱ्याचे टाके. आपल्याकडची गोधडी जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक ठेवून शिवतात आणि तिची ऊब त्या कापडांचीच असते. येथे मात्र ऊब मधल्या कापसाची असते आणि तो एका बाजूला गोळा होऊ नये म्हणून टाके जवळजवळ घालावे लागतात. आपल्या डोळ्यांना नक्षी वाटते ती बऱ्याच अंशी या गरजेतून आलेली आहे.

या क्विल्टची रुंदी सुमारे ७८ इंच आणि लांबी ८३ इंच आहे. तिच्यावरील रचनेला ‘फ्लाइंग गीज’, म्हणजे उडते हंस, असे म्हणतात. गडद कापडाचा एक मोठा त्रिकोण आणि त्याच्या दोन उतारांना जोडलेले फिकट कापडाचे दोन लहान त्रिकोण मिळून एक आयत होतो, तो एक हंस. असे ३३ हंस एकामागून एक जोडून एक उभी रांग केलेली आहे, अशा सात रांगा आहेत आणि त्यांच्यामध्ये सात इंच रुंदीच्या सहा गुलाबी पट्ट्या आहेत. सगळे मिळून २३१ हंस होतात, म्हणजे केवळ हंसांसाठीच जवळजवळ ७०० त्रिकोण कापावे आणि जोडावे लागले. त्रिकोणांच्या कामात कसोटी लागते ती टोकांची, कारण उरेब कापलेली कडा हातात नुसती धरली तरी ताणली जाते आणि मग टोक शिवणीत गडप होते. येथे बहुतेक सर्व टोके शाबूत आहेत. डावीकडून दुसऱ्या रांगेत मात्र तीन हंस उलट दिशेला तोंड करून बसले आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून दुकानदाराने लगेच सांगितले की परिपूर्णता केवळ देवाची असल्यामुळे त्या काळच्या धर्मनिष्ठ स्त्रिया मुद्दाम एक चूक ठेवत असत. ही कथा अमेरिकेत फार लोकप्रिय आहे, पण एकोणिसाव्या शतकातील क्विल्ट शिवणाऱ्यांच्या लिखाणात तिला आधार सापडत नाही, असे अभ्यासक सांगतात. ७०० त्रिकोण जोडताना तीन वेळा लक्ष चुकणे यासाठी देवाला मध्ये आणण्याची आवश्यकता नाही.

टाक्यांचे काम उत्तम आहे. गुलाबी पट्ट्यांवर दोरखंडाच्या पिळासारखी नक्षी आहे, हंसांवर शिवणीपासून पाव इंच आत टाके फिरवले आहेत, आणि वरच्या बाजूने मोजल्यास एका इंचात सरासरी आठ टाके भरतात. संग्रहालयातील अव्वल नमुन्यांमध्ये ही संख्या बाराच्या पुढे जाते. रोजच्या वापराच्या क्विल्टसाठी आठ टाके ही चांगलीच कामगिरी म्हटली पाहिजे. खालच्या कडेकडे टाके लांब होतात, इंचाला सहा भरतात, आणि त्यांचा कलही बदलतो, त्यामुळे चौकटीला ताणलेल्या या क्विल्टवर एकाहून अधिक जणींचे हात फिरले असावेत असे वाटते. नक्षी आखताना ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघा काही ठिकाणी अजून दिसतात. क्विल्ट फारशी धुतली गेली नसल्याचा हा सर्वांत विश्वासार्ह पुरावा असतो आणि संग्राहक त्यासाठी आनंदाने जास्त पैसे देतात.

कडेचा गोट मात्र शिवणयंत्रावर लावलेला आहे आणि गुलाबी पट्ट्यांचे लांब जोडही यंत्राचेच आहेत. एलियास हाउ यांना शिवणयंत्राचे पेटंट १८४६ मध्ये मिळाले, आयझॅक सिंगर यांचे यंत्र १८५१ मध्ये आले आणि त्यांच्या कंपनीने १८५६ पासून हप्त्यांनी विक्री सुरू केली. तरीही सामान्य शेतकऱ्याच्या घरात यंत्र सर्रास दिसू लागले ते १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धानंतरच. त्यामुळे यंत्राचा गोट हा संपूर्ण हातशिलाईच्या दाव्याला छेद देतो आणि १८५० च्या दशकाविषयीही पहिली शंका निर्माण करतो. यात कमीपणा मात्र काहीच नाही. ज्या घरात यंत्र आले त्या घरातील स्त्रीला त्याचा अभिमान वाटत असे, आणि काहींनी तर आपल्याकडे यंत्र आहे हे कळावे म्हणून यंत्राचे टाके क्विल्टच्या दर्शनी भागावर मुद्दाम उठून दिसतील असे घातले आहेत. हातशिलाई म्हणजेच अस्सल, ही कसोटी आजच्या ग्राहकाची आहे.

काळ ठरवण्याचा खरा आधार कापडच देते. नियम साधा आहे : क्विल्टमधील सर्वांत नवे कापड ज्या काळचे, त्याच्या आधीची ती क्विल्ट असू शकत नाही. आजीच्या पोशाखातील चिंधी नातीच्या क्विल्टमध्ये येऊ शकते, पण नातीच्या पोशाखातील चिंधी आजीच्या क्विल्टमध्ये येऊ शकत नाही. या क्विल्टमध्ये काळ्या जमिनीवर बारीक पांढरी नक्षी असलेली कापडे भरपूर आहेत, ज्यांना अमेरिकेतील संग्राहक शोकवस्त्रांचे छाप म्हणतात. सुती कापडावर पक्का आणि स्वस्त काळा रंग बसवणे ही दीर्घकाळ अवघड गोष्ट होती. कृत्रिम रंगांची प्रगती झाल्यावर, साधारण १८९० पासून, अशी कापडे बाजारात मुबलक झाली. त्यांच्या शेजारी जांभळट लाल आणि करडी छटा असलेला फिकट निळा हे दोन रंग आहेत, आणि काळा, जांभळट लाल व करडा निळा ही तिन्ही कापडे एकत्र दिसली की जाणकार क्विल्टची तारीख १८९० ते १९१० च्या आसपास मांडतात. फिकट त्रिकोणांसाठी वापरलेले, पांढऱ्यावर बारीक ठिपके व नालांची चित्रे असलेले पुरुषांच्या सदऱ्यांचे कापडही त्याच काळाशी जुळते. १८५० च्या दशकातील क्विल्ट असती तर प्रशियन निळा, मंजिष्ठेच्या तपकिरी-लाल छटा आणि मोठ्या फुलांचे छाप यांची अपेक्षा धरली असती. येथे त्यांतले काहीही नाही.

गुलाबी पट्ट्या या बाबतीत उपयोगी पडत नाहीत. गुलाबीवर गडद गुलाबी रंगाची बारीक नक्षी असलेले हे कापड एकोणिसाव्या शतकाचा मोठा भाग व्यापून राहिले, आणि पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कुटुंबांना ते इतके प्रिय होते की इतरत्र फॅशन ओसरल्यावरही येथे ते खपत राहिले. काळाची नाही, पण प्रदेशाची साक्ष मात्र ते देते, आणि म्हणून क्विल्ट याच भागातील असावी हे दुकानदाराचे तोंडी म्हणणे मला मान्य आहे.

काही हंस जागोजागी विरले असून त्यांच्यातून कापूस डोकावतो. हे सर्व हंस एकाच तपकिरी कापडाचे आहेत आणि शेजारचे निळे हंस ठणठणीत आहेत. ‘पिढ्यान्‌पिढ्या मायेने वापरल्याच्या खुणा’ असे त्यांचे वर्णन दुकानात ऐकायला मिळाले. वास्तविक हा रसायनाचा परिणाम आहे : गडद तपकिरी छटा येण्यासाठी रंगबंधक म्हणून लोहाचे क्षार वापरत, आणि तेच लोह पुढे अनेक दशके सुताला आतून खात राहते. वापराने झिजलेली क्विल्ट कडांना आणि घडीच्या रेषांवर झिजते. एकच रंग निवडून ती झिजत नाही. अशा तुकड्यांवर जाळीदार पातळ कापड टाचून ते सांभाळता येतात, पण ते बदलू नयेत. निळे हंस निळीने रंगवलेले आहेत. १८९७ मध्ये जर्मनीतील बीएएसएफ कंपनीची कृत्रिम नीळ बाजारात येईपर्यंत जगाला लागणाऱ्या निळीचा फार मोठा वाटा बंगाल आणि बिहारमधून जात होता, त्यामुळे या हंसांपैकी काहींच्या अंगावर चंपारण्याकडची नीळ असण्याची शक्यता आहे. नुसत्या डोळ्यांनी हे ओळखता येत नाही.

आता चिठ्ठीतील सर्वांत महागड्या दाव्याकडे वळतो. दक्षिणेतील गुलामांना उत्तरेकडे पळून जाता यावे म्हणून कुंपणावर विशिष्ट नक्षीच्या क्विल्ट वाळत घालत, उडते हंस दिसले की हंसांमागे उत्तरेकडे निघायचे, अशा स्वरूपाची संकेतपद्धती होती, ही कथा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकामुळे घरोघरी पोहोचली. साउथ कॅरोलिनातील एका विक्रेत्या स्त्रीने सांगितलेली कौटुंबिक आठवण हा तिचा मुख्य आधार होता. कथा मोहक आहे, शाळांतून शिकवली जाते आणि क्विल्टची किंमत दुप्पट करते. परंतु १९३० च्या दशकात सरकारी योजनेखाली, एके काळी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती घेण्यात आल्या, त्यांत क्विल्ट शिवण्याची वर्णने अनेक आहेत आणि या संकेतांचे एकही नाही. अंडरग्राउंड रेलरोडचे फिलाडेल्फियातील कार्यकर्ते विल्यम स्टिल यांनी पळून आलेल्या शेकडो माणसांच्या हकीकती त्याच वेळी टिपून ठेवल्या आणि १८७२ मध्ये छापल्या, त्यांतही असे काही नाही. शिवाय या संकेतांच्या यादीत ‘डबल वेडिंग रिंग’ ही नक्षी येते, जी अमेरिकेत लोकप्रिय झाली ती १९२० च्या दशकाच्या अखेरीस. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ, गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या स्मारकात हे संकेत दगडात कोरण्याची योजना होती, तेव्हाही इतिहासकारांनी जाहीर आक्षेप घेतले होते.

या दाव्याची मला विशेष चीड येते, कारण लँकेस्टर परगण्याला उसन्या शौर्यकथेची गरजच नाही. याच परगण्यातील ख्रिस्तियाना येथे सप्टेंबर १८५१ मध्ये, पळून आलेल्या माणसांना पकडण्यासाठी मेरीलँडहून आलेल्या मालकाच्या टोळीला विल्यम पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रे हाती घेऊन परतवले आणि तो मालक त्या चकमकीत मारला गेला. ही घटना न्यायालयाच्या कागदपत्रांत नोंदलेली आहे. अ‍ॅडम्सटाउनहून ख्रिस्तियाना मोटारीने फार दूर नाही, पण माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही क्विल्टच्या चिठ्ठीवर तिचा उल्लेख आलेला नाही.

गुलामगिरीचा आणि अमेरिकन क्विल्टचा संबंध आहेच, फक्त तो मधल्या थरात आहे. एली व्हिटनी यांनी १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र तयार केल्यावर आखूड धाग्याचा कापूस दक्षिणेत मैलोन्‌मैल पेरला जाऊ लागला, आणि १८६० पर्यंत गुलामांची संख्या सुमारे ४० लाखांवर पोहोचली. त्यांनी वेचलेला कापूस मॅसॅच्युसेट्समधील लोवेलच्या गिरण्यांत कातला, विणला आणि छापला जात होता, आणि उत्तरेतील शेतकऱ्याच्या बायकोला वारावर स्वस्त छापील कापड मिळत होते. तुकड्यांच्या क्विल्टचा बहर त्या स्वस्ताईतून आला. केवळ जुन्या कपड्यांच्या चिंध्या वाचवण्यातून नव्हे. यादवी युद्धात हा पुरवठा तुटला तेव्हा वऱ्हाड आणि खानदेशातील कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरांची बेफाम सट्टेबाजी झाली आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ती कोसळली, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. आमची क्विल्ट त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी शिवली गेली, त्यामुळे तिच्यातील कापूस गुलामांनी वेचलेला नाही. खंडाने किंवा बटाईने जमीन कसणाऱ्या त्यांच्या मुलांनी तो वेचलेला असू शकतो. क्विल्ट उजेडासमोर धरली की कापसात सरकीचे काळे ठिपके दिसतात, आणि ते दाखवून ती फार प्राचीन असल्याचे सांगण्याचीही प्रथा आहे. यंत्राने काढलेल्या हलक्या प्रतीच्या कापसातही सरकीचे कण राहतात, विसाव्या शतकातही राहत होते, म्हणून या ठिपक्यांवरून काळाविषयी काहीच सांगता येत नाही.

चिठ्ठी कशी असावी याचे उदाहरण पाहायचे असेल तर हॅरिएट पॉवर्स यांच्याकडे पाहावे. त्यांचा जन्म १८३७ मध्ये जॉर्जियात गुलामगिरीत झाला. बायबलमधील प्रसंग कापडाच्या आकृत्यांनी मांडलेली त्यांची क्विल्ट १८८६ मध्ये जॉर्जियातीलच अथेन्स येथील जत्रेत मांडली होती. जेनी स्मिथ या चित्रकला-शिक्षिकेने ती विकत मागितली, पण पॉवर्स यांनी नकार दिला. पुढे हलाखीचे दिवस आल्यावर १८९१ मध्ये त्यांनी ती दहा डॉलर मागून पाच डॉलरला दिली, आणि देताना प्रत्येक चौकटीचा अर्थ समजावून सांगितला, जो स्मिथ यांनी लिहून ठेवला. ती क्विल्ट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे आणि त्यांची दुसरी क्विल्ट बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. शिवणारीचे स्वतःचे म्हणणे त्या कापडाबरोबर आपल्यापर्यंत आले, ते केवळ विकत घेणारीने त्याच वेळी लेखणी हाती घेतली म्हणून.

बहुसंख्य क्विल्टच्या वाट्याला हे आले नाही. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातील क्विल्ट आधुनिक चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगल्या, त्यानंतर भाव चढू लागले आणि पेनसिल्व्हेनियाच्या गावोगावी फिरून स्वस्तात क्विल्ट उचलणाऱ्यांचा धंदा जोरात आला. शिवणारीचे नाव, गाव, लग्नाचे वर्ष यांची चौकशी करण्यास त्यांना वेळ नव्हता. ही गळती ध्यानात आल्यावर १९८१ मध्ये केंटकीत राज्यभरातील क्विल्टची नोंद घेण्याचा उपक्रम सुरू झाला आणि इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. नाव आणि सन यांची किंमत किती असते हे १९९१ च्या सदबीच्या लिलावात दिसले : ब्रुकलिनमध्ये १८६७ साली शिवलेली, आज ‘रिकन्सिलिएशन क्विल्ट’ म्हणून ओळखली जाणारी आणि नेब्रास्कातील लिंकन येथील आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयात असलेली क्विल्ट तेव्हा २,६४,००० डॉलरला गेली. नाव नसलेल्या क्विल्टला मग दुकानदार कहाणी जोडतो, आणि का जोडतो हे समजू शकते. ग्राहकाने मात्र त्या कहाणीचे पैसे देऊ नयेत.

घेण्यापूर्वी आणखी एक खात्री करून घ्यावी. १९९० च्या दशकाच्या आरंभी स्मिथसोनियनने आपल्या संग्रहातील क्विल्टच्या प्रतिकृती चीनमध्ये शिवून घेण्याचा परवाना दिला आणि अमेरिकन शिवणाऱ्यांनी त्याविरुद्ध मोठा गहजब केला. तशा आयात केलेल्या क्विल्ट आता तीस वर्षे वापरून जुन्या दिसू लागल्या आहेत. टाके इंचाला चार-पाच आणि आतील भर पॉलिएस्टरची असेल तर परत ठेवून द्यावे. अतिनील दिवा बरोबर असल्यास शिलाईचा दोरा चमकतो का ते पाहावे, कारण चमक आणणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतरची आहेत. मात्र आधुनिक साबणाने धुतलेली जुनी क्विल्टही चमकते, म्हणून केवळ या परीक्षेवर विसंबू नये.

सांभाळण्याच्या दृष्टीने ही क्विल्ट सोपी नाही. विरलेल्या तपकिरी हंसांमुळे ती धुण्याच्या यंत्रात घालता येणार नाही आणि लाकडी पेटीत थेट ठेवल्यास लाकडातील आम्लामुळे कापडावर डाग उमटतील. मांजरपाटाच्या धुतलेल्या अभ्र्यात गुंडाळून ठेवावी आणि वर्षातून काही वेळा घडी बदलावी. ती मुंबईस किंवा कोकणात नेण्याचा कुणाचा विचार असल्यास पावसाळ्यातील बुरशी आणि कसर यांचा बंदोबस्त आधी करावा. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच बंद करू नये.

४०० डॉलरला, १८९० ते १९१० च्या दरम्यानची, फारशी न धुतलेली, इंचाला आठ टाक्यांची पेनसिल्व्हेनियाची क्विल्ट हा सौदा चांगला आहे. ९५० ला नव्हता. विनंती केल्यावर दुकानदाराने पावतीवर हाच कालखंड लिहून दिला आणि ‘अंशतः यंत्रशिलाई’ असेही नमूद केले, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. त्याच दुकानात मागच्या भिंतीवर लोकरी कापडांची एक ‘लॉग केबिन’, म्हणजे मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या रचलेल्या नक्षीची, क्विल्ट टांगलेली आहे. तिच्याही चिठ्ठीवर १८५० लिहिलेले आहे, परंतु ही नक्षी अमेरिकेत १८६० च्या दशकापासून दिसू लागते आणि ही क्विल्ट बहुधा १८८० च्या आसपासची असावी. काम नेटके आहे, एका कडेला कसर लागलेली आहे, आणि मागितलेल्या ७०० पैकी ३५० डॉलर द्यायला हरकत नाही.